एक मुलगी, नाव नको

४ मार्च, मंगळवार

आज एका बाईनं स्वतःच्या आईच्या निधनवार्तेतून स्वतःचंच नाव काढायला सांगितलं.

असं आजवर कोणी सांगितलेलं नाही. लोक येतात ते उलट भांडायला. माझ्या मेहुण्याचं नाव माझ्या आधी का, सुनेचं गाव चुकलं, लंडनच्या आतेभावाला विसरलात, आता तो चुलत घराण्याशी बोलणार नाही. जाफन्यात माणूस गेला की आधी नावांवरून भांडण, मग रडणं. आणि ही पवळमलर! पहाटे आई गेली, आणि सकाळी ताळंकरैच्या किनाऱ्याहून स्कूटी हाणत आमच्या ऑफिसात. केस ओले, डोळे कोरडे.

मी विचारत गेले, ती सांगत गेली. श्रीमती सिन्नत्तुरै कनगम्मा. जन्मस्थान ताळंकरै, राहतं गाव तेच. नवरा आधीच गेलेला. मुलं?

"गुणशीलन. फ्रान्स."

"आणि?"

"आणि एक मुलगी. नाव नको."

मी म्हटलं, अक्का, अशी ओळ आमच्याकडे नसते. मुलगी म्हटलं की नाव येतं, कंसात गाव येतं.

"मग मुलगीच नको. माझं नाव नको, फोन नको. एवढं कर, तंगच्ची."

ओळख ना पाळख, आणि मला धाकटी बहीण करून टाकलं. मी हो म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, नक्की.

कारण विचारलं नाही. वाटलं, घरातलं काहीतरी असेल. भावाशी बोलत नसेल, नाहीतर लग्नाची काही भानगड. डिलानी पलीकडच्या टेबलावर अंत्यविधींचं थेट प्रक्षेपण बघते — म्हणजे कॅनडातल्यांना इथली चिता नीट दिसतेय ना ते. ती म्हणाली, "पळून गेली असणार कोणाबरोबर. चेहऱ्यावरूनच कळतं." चेहऱ्यावरून काय कळतं? मला तर फक्त झोप न झालेली दिसली.

जेवायच्या आधी वार्ता लागली. 'तूंडामणि'च्या पानावर आणखी एक दिवा पेटला. आमच्या निधनवार्तांच्या साइटचं नाव देवळातल्या त्या दिव्यावरून आहे, ज्याची वात पुढे सारावी लागत नाही. एकदा पेटला की पेटलेला.

संध्याकाळी अप्पप्पांना दिवसभराच्या वार्ता वाचून दाखवल्या, रोजच्यासारख्या. आजोबांना आता दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. कनगम्माची ऐकली आणि थांबवलं मला.

"मुलगी नाही?"

"आहे. नको म्हणाली."

"तिला नको असेल. वार्ता तिची आहे का? मेलेल्या बाईची आहे. त्या बाईच्या पोटी ती आलीच नाही, असं छापलंस तू."

जेवण गेलं नाही.

माझी पहिली शाळा म्हणजे अप्पप्पा. युद्धातल्या विस्थापितांच्या छावणीत दुसरी शाळा नव्हती. डाळीच्या पुड्यांची जुनी वर्तमानपत्रं ते सरळ करून ठेवायचे. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला माणूस. मृत्यूच्या पानावर सगळ्यात जास्त नावं असतात, म्हणून त्या पानावरून मला वाचायला शिकवलं. माझा पहिला शब्द आई नव्हता, 'अन्बु' होता. प्रिय. अमक्याची प्रिय कन्या, तमक्याचा प्रिय बंधू. प्रत्येक नावावर बोट ठेवायला लावायचे. एक जरी सुटलं तरी परत पहिल्यापासून. त्या छावणीत कितीतरी माणसं अशी गेली की ज्यांचं नाव कुठेच छापून आलं नाही. अप्पप्पांना ते अजून सहन होत नाही.

मलाही होत नाही.

५ मार्च, बुधवार

फ्रान्सहून फोन. गुणशीलन.

"माझ्या बहिणीला जिवंतपणी मारलंत तुम्ही! टोरोंटोहून मामा, बर्लिनहून मावशी, सगळे मलाच विचारतायत — मलरला घरातून काढलं का, जमिनीसाठी का? तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत."

मी सांगितलं, त्याच नको म्हणाल्या.

"ती काहीही म्हणेल. आई गेलीय तिची. मी मोठा भाऊ आहे, मी सांगतो, नाव घाला. फोन नंबरही घाला. घरी दुसरं आहे कोण? लोकांनी सांत्वनाला फोन कुणाला करायचा, विहिरीला?"

जेगन अण्णांना विचारलं. साइट त्यांची, ऑफिस त्यांचं. ते म्हणाले, "पावती कुणाच्या नावावर? भावाच्या. मग भाऊ म्हणेल ते."

मी पवळमलरला फोन केला. एकदाच. उचलला नाही. कुठून उचलणार, आज प्रेत निघायचं होतं. दुपारपर्यंत थांबले असते तर? थांबले नाही. भावानं आणखी दोनदा फोन केला, जेगन अण्णांनी काचेतून बघितलं, आणि मी घातलं. 'प्रिय कन्या पवळमलर (ताळंकरै)'. खाली संपर्क — पवळमलर, मुलगी, आणि नंबर.

खरं लिहायचं तर बरं वाटलं. दातात अडकलेलं निघाल्यासारखं.

अप्पप्पा म्हणाले, "आता वार्ता पुरी झाली."

६ मार्च, गुरुवार

'ओडियल' ह्या व्यंगचित्रांच्या ऑनलाइन पानावर आज व्यंगचित्र नाही. नुसत्या दोन ओळी. 'आई गेली. एकतीस दिवस ओडियल मिळणार नाही, तोवर दात सांभाळा.'

ऑफिसात सगळे हळहळले. सकाळचा चहा आणि ओडियल हे आमचं ठरलेलं. ओडियल म्हणजे ताडाचा वाळवलेला कोंब, चावता चावता दाढ हलते. पानही तसंच. त्यातला टिपर मामा तर सगळ्या जाफन्याला पाठ — ढेरी वाळूच्या टिपर ट्रकसारखी, हातात चमचा, किनारा वाडग्यात घेऊन बसलेला, वाळू खातोय. वाळूचा खरा कंत्राटदार कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे, नाव कोणी घेत नाही. चित्रं कोण काढतं ते मात्र कोणालाच ठाऊक नाही.

डिलानी म्हणाली, "बिचाऱ्याची आई गेली." सगळे 'तो'च म्हणतात. मीही हात जोडल्याचं चित्र टाकलं खाली.

१० मार्च, सोमवार

आज हारवाला आला होता. नवीनच. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, फार सभ्य.

जेगन अण्णा वार्तांमधली माहिती विकतात. लपूनछपून नाही, त्यांच्या मते यात लपवण्यासारखं काही नाहीच. "लोकांनी स्वतः छापलंय, आपण फक्त ओळीत लावून देतो." मांडववाले, आचारी, परदेशातून पैसे पाठवणारे, एकतिसाव्या दिवसाच्या विधीला अन्न पुरवणारे, आणि लग्न जुळवणारे सगळ्यात जास्त — कुणाच्या घरात कोण अविवाहित राहिलं ते मरणाच्या पानावर लख्ख दिसतं. रकाने मी पाडते. गेलेली व्यक्ती, गाव, मुलं, मुलं कुठे, फोन. माझे रकाने कधी चुकत नाहीत. मला त्याचा अभिमान होता, हे लिहून ठेवायला हवं.

हारवाल्याला फक्त वडमराच्चीच्या, म्हणजे ताळंकरैकडच्या बाजूचं हवं होतं. फक्त मागच्या आठवड्यातलं. फक्त बायका.

"बायकाच का?" मी विचारलं.

"बायकांचे हार वेगळे असतात."

जेगन अण्णा हसले. मीही.

मग तो म्हणाला, "यातल्या कुठल्या बाईचं मूल गावातच आहे? हार घ्यायला घरी माणूस लागतं हो. नाहीतर फुलं कुंपणावर टाकून यायची का?"

मी बघितलं. बाकी सगळ्यांची मुलं परदेशात. मी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं, ही बघा, कनगम्मा, मुलगी गावातच.

"उपकार झाले, तंगच्ची," म्हणाला.

१४ मार्च, शुक्रवार

आमच्याकडे निजानीज झाल्यावर आलेली वार्ता आपोआप लागते. टोरोंटोत तेव्हा दिवस असतो, त्यांना थांबवून चालत नाही. सकाळी येऊन मी तपासते.

आज सकाळची पहिली वार्ता. 'ताळंकरै हे जन्मस्थान, तेच राहतं गाव असलेली कु. सिन्नत्तुरै पवळमलर हिचं अकाली निधन.'

खुर्चीतून उठले आणि परत बसले.

फोटो तिचाच. आईच्या चितेजवळ उभी असलेली, आमच्या थेट प्रक्षेपणातून कापून घेतलेला. खाली सगळं बरोबर. कै. सिन्नत्तुरै – कै. कनगम्मा यांची प्रिय कन्या, गुणशीलन (फ्रान्स) यांची प्रिय बहीण. क्रम बरोबर, गाव बरोबर. माझ्याच वार्तेवरून उचललेलं, म्हणून बरोबर. आणि संपर्काला नंबर तिचाच!

तपासायचं म्हणजे त्या नंबरावर फोन करायचा, हा नियम आहे. मी केला.

"पवळमलर यांच्या घरून बोलताय का?"

"पवळमलरच बोलतेय. मेलेय मी. सकाळपासून सगळे तेच सांगतायत. तुम्ही कुठून, स्वित्झर्लंड?"

मी नुसतं 'तूंडामणि' म्हटलं.

"तंगच्ची," ती म्हणाली. "नाव घातलंस ना तू."

विचारलं नव्हतंच ते. मी भावाचं सांगायला लागले, तिनं पुरं होऊ दिलं नाही.

"आता लपवायचं काय राहिलंय? ओडियल मी आहे. आई गेल्याचं मी पानावर लिहिलं, ते लिहायला नको होतं. ती चूक माझी. पण त्या आठवड्यात ह्या भागात कितीतरी आया गेल्या असतील. माझीच कुठली, हे कसं कळलं त्यांना?"

मला ठाऊक होतं कसं कळलं. पलीकडे कोंबडा ओरडत होता.

सांगितलं नाही मी. आज सांगितलं नाही.

१५ मार्च, शनिवार

खोटी वार्ता कालच काढली. उपयोग झाला नाही. काढेपर्यंत तिचं काम करून झालं होतं.

ज्या ॲपवर ओडियलचं पान होतं, त्या कंपनीला कोणीतरी पवळमलर वारल्याचं कळवलं आणि पुरावा म्हणून आमच्या वार्तेचा दुवा जोडला. पुरावा चालला! आमच्या दिव्यावर त्यांचा विश्वास आहे. तिचं खातं कुलूपबंद. नावाच्या आधी 'स्मरणार्थ'. ओडियलचं पान त्याच खात्यावरून चालायचं, तेही बंद. चित्रं गेली, टिपरांच्या नंबरप्लेटचे फोटो गेले, सगळं.

कंपनीला लिहावं म्हणून फॉर्म उघडला. 'आपण मृताचे कोण?' मित्र, नातेवाईक, इतर. मृत माणूस स्वतः, असा पर्याय नाही. मी 'इतर' निवडून लिहिलं की ती जिवंत आहे. लगेच उत्तर आलं. 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.'

पवळमलर पोलिसांत जाऊन आली. तिथला शिपाई म्हणाला, "तुम्ही तर धडधाकट आहात. मग तक्रार कसली?"

मी जेगन अण्णांना म्हटलं, ही वार्ता कोणी दिली त्याचं नाव आपल्याकडे असेल. फोन असेल. त्यांना द्यायला हवा.

रोल खात होते. तोंडातला घास न गिळता म्हणाले, "वेडी का तू, पोरी? गिऱ्हाइकाची माहिती अशी बाहेर देतात का? खासगी असतं ते."

खासगी. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

१८ मार्च, मंगळवार

सुट्टी काढून ताळंकरैला गेले. सांगायचं ठरवून गेले होते.

फाटकावर हार होता. ताजा, मोगऱ्याचा, मधे पांढरी फीत. मलर अक्का म्हणाली, रोज येतो. कोण टांगून जातं दिसत नाही. पहिले काही दिवस तिनं काढून टाकले, आता शेळी खाते. "तिची चंगळ आहे."

ती मुलांना चित्रकला शिकवायची, शिकवणीच्या क्लासात. आयांनी मुलं काढून घेतली. मेलेल्या बाईकडे मुलं पाठवायला घाबरत नाहीत, म्हणाली, जिवंत आहे म्हणून घाबरतात.

चहा केला. ताडगुळाचा खडा हातावर ठेवला. मी घोट घेतला आणि कप खाली ठेवला. तिचं लक्ष होतं.

"खारट आहे ना? आमच्या विहिरी आहेत ह्या. वाळू उपसली की खालून समुद्र येतो. आई शेवटी शेवटी पाणी नको म्हणायची. म्हणून चित्रं काढायला लागले. मला काय हौस होती त्या माणसाची ढेरी काढायची?"

मग मी सांगितलं. हारवाला, रकाने, स्क्रीनवर ठेवलेलं बोट. सगळं. खाली बघून सांगितलं.

शेळी फीत चघळत होती.

"मला वाटलं होतं तू फक्त नाव घातलंस," ती म्हणाली.

मी माफी मागितली.

"माफी घेऊन करू काय? विहिरीत टाकू? मोबाईलमधे जागा नव्हती म्हणून सगळे फोटो त्या पानावर ठेवून इकडचे पुसले होते मी. ते आण परत. नाहीतर मला निदान इतकं तरी कळू दे, मला मारलं कोणी."

बसमधून येताना टिपर दिसले. एकामागून एक, वाळूवर ताडपत्री, मागून पाणी गळतंय.

२१ मार्च, शुक्रवार

गुणशीलनचा फोन. आज आवाज चढा नव्हता. "नाव काढता येईल का हो?"

कधीच काढलं. पण आमच्या वार्ता उचलणारी दुसरी पानं आहेत, त्यांच्यावरून उचलणारी तिसरी. सगळीकडे ती आहे. काही ठिकाणी आईच्या वार्तेत जिवंत, काही ठिकाणी स्वतःच्या वार्तेत मेलेली. लोक दोन्हीखाली हात जोडतायत.

त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मी लोक काय म्हणतील तेवढंच बघितलं." मग फोन ठेवला.

अप्पप्पांना इतके दिवस काही सांगितलं नव्हतं. आज सगळं सांगितलं. काठी मांडीवर आडवी घेऊन ऐकत होते.

"आमचा पेपर दुसऱ्या दिवशी वड्यांच्या गाड्यावर जायचा," म्हणाले. "तेल लागलं की नावं पुसट व्हायची. मला त्याचा राग यायचा." मग विचारलं, "तुमचं पुसतच नाही?"

"नाही."

"नाव घालायला शिकवलं मी तुला. कुठलं घालू नये हे मला कोणी शिकवलंच नव्हतं, पोरी."

आज वार्ता वाचू नको म्हणाले.

२३ मार्च, रविवार

खोटी वार्ता देणाऱ्याचं नाव आणि फोन मी बघू शकते. आमच्याकडे सगळ्यांचा पासवर्ड एकच आहे — जेगन अण्णांच्या मुलाचं नाव. उघडून कोणी बघितलं हे कुणाला कळणारही नाही.

प्रश्न तो नाहीच. मी पुन्हा एका माणसाचा नंबर दुसऱ्याच्या हातात देणार. त्याची बायको असेल, घर असेल. उद्या त्याच्या फाटकावर कोणी काही टांगलं तर? मग माझ्यात आणि जेगन अण्णांत फरक काय? ते विकतात आणि मी फुकट देते, हाच?

पण तिनं न लिहायला सांगितलं होतं, तेव्हा मी लिहिलं. आता ती सांग म्हणतेय आणि मी नियम आठवतेय. माझं हे काटेकोरपण नेहमी चुकीच्या माणसाच्या कामाला येतं.

हे मोबाईलवर लिहायचं नाही. वहीतच बरं.

२४ मार्च, सोमवार

बघितलं. हारवालाच. वार्ता देताना दुसरं नाव लिहिलं होतं, पण नंबर तोच, जो त्यानं माहिती विकत घेताना दिला होता. सभ्य माणूस, एकच फोन वापरतो. आणि फुलांचा धंदा-बिंदा काही नाही. त्यानं मुक्कामाचा पत्ता म्हणून जे दिलं होतं, ते टिपर उभे राहतात ते आवार.

संध्याकाळी ताळंकरै. लिहून दिलं नाही, तोंडानं सांगितलं. मलर अक्कानं दोनदा म्हणून पाठ केलं.

"कोणी विचारलं तर मी सांगितलं म्हण," मी म्हटलं. "माझं नाव लिही. वैदेगी, तूंडामणि. तिथे काम करणारीनं सांगितलं म्हटलं तर लोकांचा विश्वास बसेल. नाहीतर म्हणतील, बाईनं रागानं रचलं."

माझ्याकडे बघत राहिली.

"तुला फार नावं घ्यायला लागतात," म्हणाली.

२८ मार्च, शुक्रवार

कंपनीचं उत्तर. 'आपली विनंती तपासली. मृत व्यक्तीच्या खात्यात बदल करता येत नाही.'

टिपर मामाची टिंगल करणारी जुनी चित्रं काहींनी आपापल्या पानावर टाकली होती. तीही उडवली जातायत. कारण, 'एका व्यक्तीचा छळ'.

३१ मार्च, सोमवार

जेगन अण्णांनी आज दार लावून सगळ्यांना बसवलं. ताळंकरैची ती बाई वकिलाकडे जाऊन आलीय, असं त्यांच्या कानावर आलंय. "आपल्या गिऱ्हाइकाचा नंबर तिला कळलाय म्हणे. आपल्यातलंच कोणी असेल तर आत्ता सांगा. मागाहून कळलं तर मी वाचवू शकणार नाही. ती माणसं साधी नाहीत." माझ्याकडेच बघत होते की मला तसं वाटलं?

डिलानी म्हणाली, "अण्णा, पासवर्ड तुमच्या मुलाचं नाव आहे. त्याच्या वाढदिवसाला केक खाल्लेल्या सगळ्यांना विचारा."

कोणी हसलं नाही. डिलानीनं टेबलाखाली माझा पाय दाबला. म्हणजे तिला ठाऊक आहे. म्हणजे तोंडावर दिसतंय माझ्या.

ते शेवटी म्हणाले, "ठीक आहे. ती बाई काहीतरी लिहिणारच. लिहिताना कुणाचं तरी नाव येईल. ह्या लोकांना नावाशिवाय राहवतं का?"

घरी आल्यावर अम्मा म्हणाली, तुला ताप आहे.

मीच सांगून आलेय तिला, माझं नाव लिही म्हणून. आता फोन करून लिहू नको म्हणू? कुठल्या तोंडानं? तिनं तेच मागितलं होतं माझ्याकडे.

फोन केला नाही.

३ एप्रिल, गुरुवार

आज कनगम्माचा एकतिसावा. ओडियल परत आलं. नवीन पान, नवीन खातं.

व्यंगचित्र नाही. आमच्यासारखीच वार्ता, वर आमचाच दिवा, हातानं काढलेला. 'ताळंकरै हे जन्मस्थान, तेच राहतं गाव असलेली पवळमलर जिवंत आहे. कै. सिन्नत्तुरै – कै. कनगम्मा यांची प्रिय कन्या. गुणशीलन (फ्रान्स) यांची प्रिय बहीण.' पुढे नुसती नावं. ताळंकरैच्या बायका. यांची प्रिय शेजारीण, यांची प्रिय मैत्रीण, यांच्या मुलांची प्रिय टीचर. ज्यांनी मुलं काढून घेतली होती त्याही. प्रत्येकीच्या नावाखाली तिच्या मोबाईलमधला एक फोटो — तिची विहीर, नाहीतर तिच्या कुंपणाबाहेरचा टिपर, नंबरप्लेटसकट. मग हारवाला. नाव, कुणाचा माणूस, कुठल्या आवारातला. घरचा पत्ता नाही, फोन नाही.

जेगन अण्णा माझ्या टेबलाशी उभे राहून माझ्याच स्क्रीनवर वाचत होते. एकेका नावावर बोट ठेवत, वरून खाली, अप्पप्पांसारखं. मी पंख्याकडे बघत राहिले. शेवटी पोहोचले, परत वर गेले, पुन्हा एकदा खाली आले, आणि आत गेले.

मग मी वाचलं. शेवटची ओळ होती —

'आणि एक तंगच्ची. नाव नको.'